लाल तारा नसलेला रकाना

डोळ्यांच्या हॉस्पिटलात नोंदणीच्या काउंटरवर बसणाऱ्या त्या बाईंना एक रीतसर नाव होतं, पण ते हजेरीपत्रकाबाहेर कधी फारसं पडलं नाही. सगळे त्यांना लालताराबाई म्हणत. स्क्रीनवरच्या फॉर्ममध्ये ज्या रकान्यासमोर लाल तारा असतो, तो भरल्याशिवाय फॉर्म सेव्ह होत नाही, ही एवढीशी गोष्ट बाई दिवसभर माणसांना समजावून सांगत. सांगून सांगून त्यांच्या घशाला कोरड पडे. काचेपलीकडचा माणूस मात्र दरवेळी नवा असायचा आणि दरवेळी तेच विचारायचा.

"माझं डोळ्याचं दुखणं आहे, माझ्या जन्मतारखेशी तुम्हाला काय करायचंय?"

"मला काही करायचं नाही हो. तिथं लाल तारा आहे. लिहावंच लागतं."

"आणि नाही सांगितली तर?"

"तर तुम्हीही इथंच आणि मीही इथंच. मागे रांग बघा."

मग माणूस मागे बघायचा आणि जन्मतारीख सांगायचा. बऱ्याच जणांना ती ठाऊक नसायची. ते एक जानेवारी सांगत. बाईंच्या नोंदींवर विश्वास ठेवला असता, तर गावातली निम्मी म्हातारी माणसं एकाच दिवशी जन्माला आली होती.

या बाईंच्या स्वतःच्याच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. उजवा पुरता पिकला होता आणि डावाही त्याच वाटेवर होता. स्क्रीनवरचा तीन त्यांना आठ दिसायचा आणि मग कुणाचं तरी वय तेहतीसचं अठ्ठ्याऐंशी व्हायचं. वर ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना जिन्यात गाठून सांगितलं होतं, "आता टाळाटाळ पुरे. या महिन्यात उजवा करून टाकू. आणखी लांबवलंत तर माझंही काम अवघड होईल आणि तुमची नोकरीही."

बाई प्रत्येक वेळी "हो, हो" म्हणून खाली येत. त्यांना ऑपरेशनची भीती नव्हती. हजारोंची नोंद त्यांनी स्वतःच्या हातांनी केली होती आणि त्यातले बहुतेक जण आठवड्याभरात हसत हसत तपासणीला आलेले पाहिले होते. अडलं होतं ते त्या फॉर्मवरच्या एका रकान्यापाशी. 'सोबतचे नातेवाईक'. त्याच्यासमोर लाल तारा होता, आणि तिथं लिहायला बाईंकडे एकच नाव होतं, जे त्यांना लिहायचं नव्हतं.

पण त्याआधी टिंबरावांबद्दल सांगायला हवं, कारण सगळ्या भानगडीचं मूळ तेच.

टिंबराव म्हणजे शेजारच्या काउंटरवरचे गृहस्थ. पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, स्वभावाने अगदी गरीब. कुणाशी वाद घालणं त्यांच्या जिवावर येई. रकाना भरायचा आहे आणि माहिती नाही, की ते तिथं एक टिंब टाकून मोकळे होत. कॉम्प्युटरला वाटे, रकाना भरला. फॉर्म सेव्ह होई, रोगी खूश, टिंबराव खूश. त्यांची रांग बाईंच्या रांगेच्या दुप्पट वेगाने सरके आणि लोक बाईंकडे बघत बघत तिकडे जाऊन उभे राहत. हे पाहून बाईंच्या अंगाचा तिळपापड होई.

"अहो, टिंब म्हणजे काय पत्ता झाला? उद्या त्या आजोबांना शोधायचं तर टिंबात जाऊन शोधायचं?"

"बाई, कोण शोधतंय?" टिंबराव शांतपणे म्हणत. "आजोबा स्वतःच येतात की."

बाई तडक वर गेल्या. वर कॉम्प्युटरच्या खोलीत कपाळावरचे केस मागे सरकलेला एक तिशीतला इसम बसे. फॉर्म त्याने बनवला होता. त्याच्या खोलीत पंखे माणसासाठी कमी आणि यंत्रांसाठी जास्त होते. बाईंनी त्याच्यासमोर टिंबांचा पाढा वाचला. त्याने बिचाऱ्याने दोन दिवस खपून अशी तजवीज केली की प्रत्येक रकान्यात निदान तीन खुणा तरी पाहिजेत. दुसऱ्या दिवसापासून टिंबराव तीन टिंबं टाकू लागले.

बाई परत वर. मग टिंबं बंद, अक्षरंच हवीत असं झालं. टिंबरावांनी 'अबक' लिहायला सुरुवात केली. एका आठवड्यात अबक नावाच्या गल्लीत राहणारी शंभर माणसं तयार झाली. 'अबक' बंद झाल्यावर 'कखग' आलं. कॉम्प्युटरवाल्याने शेवटी अशा शब्दांची एक यादीच करून ठेवली आणि यादीतला शब्द आला की फॉर्म लाल होऊन ओरडू लागला. टिंबरावांनी हात टेकले. मोबाइलच्या रकान्यात ते दहा वेळा नऊ दाबत, तेही बाईंनीच बंद करवलं. आता जो नंबर लिहाल त्यावर सहा आकडी संकेत जातो, आणि तो वाचून दाखवल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. नात्याच्या यादीत नवरा, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, आई, वडील आणि शेवटी 'इतर' असं होतं. टिंबराव सख्ख्या बायकोलाही 'इतर' करत, कारण माउस यादीच्या तळाशी आपोआप जाऊन थांबे. म्हणून बाईंनी 'इतर'ही काढायला लावलं.

"झालं ना समाधान?" कॉम्प्युटरवाला म्हणाला.

"माझं कसलं समाधान? नोंद खरी पाहिजे, एवढंच."

आता यात एक लबाडी बाईंचीही होती, आणि ती सांगितली नाही तर टिंबरावांवर अन्याय होईल. काही म्हातारी माणसं एकटी यायची. फोन नाही, सोबत कुणी नाही. त्यांच्यासमोर लाल ताऱ्याचं तुणतुणं वाजवणं बाईंना जमेना. त्या आपला स्वतःचाच नंबर टाकत, खणात बंद ठेवलेला फोन तेवढ्यापुरता चालू करून त्यावर आलेला संकेत स्वतःच भरत, आणि ऑपरेशननंतर त्या माणसाला रिक्षात बसवून देत. याला खोटं म्हणायला त्या तयार नव्हत्या. फोन आला तर मी उचलते की नाही, असं त्यांचं म्हणणं. फोन मात्र येऊ लागले ते थांबेनात. जेवायला बसलं की फोन. 'तुमचे वडील तपासणीला आले नाहीत.' आंघोळीला गेलं की फोन. 'तुमच्या आईंनी पट्टी स्वतःच काढली का?' ज्या बाईंनी लग्न केलं नाही आणि आईवडील दोघांनाही पोचवलं, त्यांना गावभरच्या आईवडिलांबद्दल बोलणी खावी लागत.

शेवटी ही गोष्ट डॉक्टरीणबाईंच्या कानावर गेली. त्या रागावल्या नाहीत, पण नियम करून टाकला. कर्मचाऱ्याचा नंबर नातेवाईक म्हणून चालणार नाही. ज्याला खरंच कुणी नाही त्याच्या फॉर्मवर 'निराधार' अशी खूण करायची, मग हॉस्पिटलच माणूस देईल. कॉम्प्युटरवाल्याने तेही बसवलं. अशा रीतीने फॉर्मची एकेक फट बुजली, आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या बाईंनी स्वतः हट्टाने बुजवून घेतल्या होत्या.

आता ते एक नाव.

बाईंना एक बहीण होती. धाकटी. गावातच, मोठ्या हॉस्पिटलच्या समोरच्या गल्लीत तिचं पडदे शिवायचं दुकान होतं. दोघी बहिणी एकमेकींवाचून चहा प्यायच्या नाहीत अशा होत्या. मग आई आजारी पडली. तिला त्या मोठ्या हॉस्पिटलात बाईंनीच नेलं आणि तिथल्या काउंटरवरच्या मुलीच्या हातातून फॉर्म घेऊन स्वतःच भरला, फडाफड, दुसऱ्याच्या हाताला तो वेग येणार नाही असा. संपर्कासाठी दोन रकाने होते. पहिल्यावर तारा होता, तिथं त्यांनी स्वतःला लिहिलं. दुसऱ्यावर तारा नव्हता. बाईंच्या हाताला वर्षानुवर्षांची सवय होती. तारा नसेल तर थांबायचं नाही, पुढे जायचं. त्या पुढे गेल्या.

आईचं एकदम बिघडलं ते दुपारी. त्यांनी बाईंना फोन लावला. कामाच्या वेळेत बाईंचा फोन खणात बंद असे, तसा नियमच होता. त्यांनी पुन्हा पुन्हा लावला. दुसरा नंबर नव्हता. रस्त्यापलीकडे धाकटी मशीनवर पडद्याला चुण्या घालत बसली होती. कळलं असतं, तर हातचं काम तसंच टाकून ती चालतही दोन मिनिटांत पोचली असती. आई एकटी गेली.

धाकटी तेव्हा रडली नाही. फॉर्मची प्रत मागून घेतली, वाचली आणि म्हणाली, "मला रिकामं ठेवलंस, ताई."

बाईंच्या तोंडून निघून गेलं, "अगं, त्यावर तारा नव्हता."

बस्स. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. बाई मनातल्या मनात हे भांडण रोज भांडत. भाजी चिरताना भांडत, कपडे वाळत घालताना भांडत. तारा नव्हता, यात माझी काय चूक? ज्याने फॉर्म बनवला त्याला विचारा. फोन खणात ठेवायचा नियम मी केला का? प्रत्येक वेळी त्या जिंकत, आणि प्रत्येक वेळी जिंकून चिडत.

उजव्या डोळ्याने काउंटरची काच दिसेनाशी झाली, तेव्हा मात्र त्यांना फॉर्म भरणं भाग पडलं. कर्मचाऱ्याने स्वतःची नोंद स्वतः करायची नाही असा नियम होता. म्हणून एका दुपारी, रांग ओसरल्यावर, बाई आयुष्यात पहिल्यांदा काचेच्या बाहेरच्या बाजूला जाऊन टिंबरावांसमोर उभ्या राहिल्या.

"जन्मतारीख?" टिंबरावांनी विचारलं. त्यांना मजा येत होती.

"माहीत आहे तुम्हाला."

"मी नाही म्हणत बाई, कॉम्प्युटर म्हणतो."

बाईंनी जन्मतारीख सांगितली. पत्ता सांगितला. पूर्वीचे आजार सांगितले. टिंबराव एका बोटाने टाइप करत होते आणि बाईंचा जीव वरखाली होत होता. "शेजारची कळ, शेजारची. अहो, तो ठ आहे."

मग तो रकाना आला. टिंबरावांनी मान वर केली. त्यांना सगळं माहीत होतं. शेजारी बसणाऱ्याला काय माहीत नसतं?

"टाकू का टिंब?" त्यांनी हळूच विचारलं.

बाई काहीच बोलल्या नाहीत. टिंबरावांनी ते होकारार्थी धरलं आणि टिंब टाकलं. फॉर्म लाल झाला. तीन टिंबं टाकली, लाल. बरीच डोकेफोड करून त्यांनी 'चछज' लिहिलं. यादीत तेही होतं. मग त्यांनी गुपचूप स्वतःचं नाव लिहिलं, नात्यात 'भाऊ' निवडलं आणि स्वतःचा नंबर दिला. स्क्रीनवर पाटी आली, हा क्रमांक कर्मचाऱ्याचा आहे.

"कुणी केलंय हे असलं?" टिंबराव चिडून म्हणाले. आयुष्यात ते पहिल्यांदाच चिडले असावेत. लगेच त्यांना आठवलं कुणी केलंय ते, आणि ते की-बोर्ड पुसू लागले.

बाईंनी काउंटरवरचा फोन उचलून वरच्या खोलीत लावला. "जरा खाली ये. फॉर्म अडलाय."

कॉम्प्युटरवाला आला. स्क्रीन बघितली, बाईंना बघितलं आणि डोकं खाजवलं. "बाई, फॉर्म बरोबर चाललाय. हे सगळं तुम्हीच सांगितलं होतंत. टिंब तुम्ही, संकेत तुम्ही, 'इतर' तुम्ही..."

"पाढा वाचू नकोस. वाट काढ."

"वाट आहे ना. ही इथं खाली खूण करायची." त्याने बोट ठेवलं. "निराधार."

बाईंचे कान तापले. या हॉस्पिटलात त्यांनी ती खूण कितीतरी जणांच्या नावापुढे केली होती. ती करताना दरवेळी मान खाली घालून केली होती, समोरच्याला दिसू नये म्हणून. "मी निराधार? मी? माझी सख्खी बहीण आहे गावात. पडद्यांचं दुकान आहे तिचं."

"मग तिचा नंबर द्या की."

टिंबराव की-बोर्ड पुसत राहिले. पुसण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

कॉम्प्युटरवाला मऊ माणूस होता. त्याने आवाज खाली आणला. "बरं, असं करू. तुमच्या एकट्यांच्या फॉर्मवरचा तारा मी काढून टाकतो. मागच्या बाजूने होतं ते, कुणाला कळणार नाही. तो रकाना रिकामा राहील. चालेल?"

"चालेल," टिंबरावच म्हणाले.

बाईंनी काचेशी वाकून स्क्रीनकडे पाहिलं. डोळ्यांपुढे धुकं होतं, तरी त्यातून तो पांढरा चौकोन त्यांना दिसला. रिकामं ठेवलंस, ताई. इतके दिवस त्या स्वतःच्या बाजूने भांडत होत्या. आता त्यांना लख्ख कळलं की धाकटी ताऱ्याबद्दल बोलतच नव्हती. आपण एवढं भांडलो ते सगळं दुसऱ्याच गोष्टीवर. हे कळून बाईंना स्वतःचा इतका राग आला की पाय आपटावेसे वाटले.

"थांब," त्या म्हणाल्या. "तारा राहू दे तिथंच."

नंबर त्यांना पाठ होता. हजारो नंबर हाताखालून गेले, पाठ राहिला तो हा एकच. त्यांनी काउंटरच्या फोनवरून तो फिरवला. पलीकडे शिवणयंत्राचा खडखडाट ऐकू आला.

"बोला, पडदे का गाद्यांच्या खोळी?"

"मी बोलतेय."

यंत्र थांबलं. बाईंना प्रस्तावना कधीच जमली नव्हती.

"तुझ्या मोबाइलवर सहा आकडे येतील आता. ते वाचून दाखव."

"कसले आकडे? हल्ली लोक असेच आकडे मागतात आणि लुबाडतात."

"मी लुबाडणार आहे का तुला?"

"मला काय माहीत? इतक्या दिवसांनी फोन करतेस आणि आकडे मागतेस."

बाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. त्या वैतागल्या होत्या. धाकटीवर, फोनवर, स्वतःवर. "डोळ्याचं ऑपरेशन आहे. माझं. सोबतीला कुणीतरी लागतं, त्याशिवाय फॉर्म सेव्ह होत नाही."

"कुणीतरी," धाकटी म्हणाली.

"कुणीतरी नाही. तू. मला तू हवी आहेस. आकडे आले की लगेच वाच, त्यांची मुदत संपते."

बाईंनी रिसीव्हर झाकून टिंबरावांना नंबर सांगितला. टिंबरावांनी डोळ्यांनी विचारलं, पाठवू का? बाईंनी मान डोलावली. पलीकडे फोनची टिकटिक झाली. मग धाकटीने आकडे वाचले, एकेक, सुटे, दुकानात ती मापं वाचायची तसे. बाईंनी ते मोठ्याने उच्चारले, टिंबरावांनी एका बोटाने दाबले. नात्याच्या यादीत त्यांनी 'बहीण' निवडलं. रकाना हिरवा झाला.

"झालं," बाई म्हणाल्या. "ठेवते."

"थांब. त्याच्याखाली दुसरा रकाना असेल."

"आहे."

"त्यावर तारा आहे?"

"नाही."

"तो भर." धाकटी दटावल्यासारखं बोलत होती. "मी दिवसभर मशीनवर असते. खडखडाटात फोन ऐकू येत नाही. माझा लागला नाही तर ते लोक कुणाला करतील? तू तिथं एकटी पडून राहशील? तुझ्या भाचीचा लिही. लिही, सांगते नंबर. ती समोरच बसलीय."

बाईंनी नंबर ऐकला आणि तो तसाच टिंबरावांना सांगितला. सांगताना दोनदा थांबल्या. संकेत गेला, भाचीने तो तिथूनच ओरडून वाचला, आणि टिंबराव नात्याच्या यादीपाशी येऊन अडले. त्यांनी यादी वर नेली, खाली आणली.

"बाई, यात भाची नाही."

"नाही कशी?"

"'इतर' होतं. ते काढलंत तुम्ही."

हे सगळं पलीकडे ऐकू जात होतं. "काय झालं आता?" धाकटीने विचारलं.

"यादीत भाची नाही गं."

"मग काय काय आहे?"

टिंबरावांनी फोनजवळ तोंड नेऊन यादी वाचली. नवरा, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, आई, वडील.

धाकटीने विचार केला नाही. "मुलगी टाक," ती म्हणाली. "आणि ऑपरेशन कधी ते सांग, दुकान बंद ठेवावं लागेल."

टिंबराव माउसवर हात ठेवून थांबले. नोंद खरी पाहिजे म्हणून ज्यांनी त्यांना अनेक वर्षं छळलं होतं, त्या बाईंकडे ते परवानगीसाठी बघत होते. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. त्याने काही फरक पडला नाही.

"बघत काय बसलात?" त्या म्हणाल्या. "मुलगी टाका आणि सेव्ह करा."